जुन्या घराला मागं दोन खोल्या वाढवूलालोय, लाईन जुन्या प्लगवरनं ओढू का मीटरपासनं नवीन घेऊ?

जांभ्याचं_घर
नमस्कार मंडळी. आमचं घर बेळगावच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीकडच्या बाजूला. आजोबांनी बांधलेलं, जांभ्याचे चिरे, मातीचा गिलावा आणि वर मंगळुरी कौलं. आता धाकट्या भावाचं लग्न ठरलंय म्हणून परसाच्या बाजूला दोन खोल्या, एक बाथरूम आणि स्वयंपाकघराला लागून एक छोटी खोली वाढवूलालोय, स्लॅबचं काम आहे. कॉलम उभे झाले, पुढच्या आठवड्यात सेंट्रिंग बसणार.

अडचण लाईटची. जुनी वायरिंग १९८७ सालची, लाकडी पट्टीवरची, वायर अ‍ॅल्युमिनियमची, मीटरजवळ जुना चिनी मातीचा किटकॅट फ्यूज. मीटर पुढं सोप्यात आहे आणि नवीन खोल्या पार मागं, मोजलं तर वायरच्या वाटेनं ३० मीटर भरतंय. एकजण येऊन बघून गेला, तो म्हणाला स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या प्लगवरनं लूप मारतो, दोन दिवसाचं काम, कशाला खर्च करताय. नवीन खोल्यात २ किलोवॅटचा गिझर, वॉशिंग मशीन, इंडक्शन, फ्रीज, दोन पंखे आणि पुढंमागं एसी पण येईल.

विचारायचं खरं कारण सांगतो. दोन वर्षांमागं आईला न्हाणीतल्या नळाचा शॉक बसला होता. हात नळाला चिकटला, भाऊ घरात होता म्हणून त्यानं पळत जाऊन फ्यूज काढला. नंतर उघडून बघितलं तर गिझरची अर्थ वायर कुठंच गेली नव्हती, भिंतीतल्या खिळ्याला गुंडाळून ठेवलेली. आई अजून नळ सोडायच्या आधी उलट्या हातानं शिवून बघते. नवीन सुनेला घरात आणताना ते परत होऊ नये एवढंच मला पाहिजे. जाणकारांनी सविस्तर सांगा.

शहापूरचा_वायरमन
भाऊ, पहिली गोष्ट, मिक्सरच्या प्लगवरनं एक इंच सुद्धा वायर ओढू देऊ नका. २२ वर्षं बेळगावात हेच काम करूलालोय. शहापूर, वडगाव, अनगोळ भागात वाढवलेल्या खोल्यांच्या जळालेल्या बोर्डात मला दहापैकी बहुतेक वेळा हेच सापडतं, जुन्या प्लगवर नवीन खोली लटकवलेली. तुमची तर अ‍ॅल्युमिनियम वायर. तिला तांब्याची वायर पिळून टेप मारला की पावसाळ्यात ओल धरून तो जोड पांढरा पडतो, सैल होतो, मग तापतो. वरनं काही दिसत नाही, पट्टीच्या आत लाकूड काळं पडत जातं. कौलारू घर आहे तुमचं, वर सगळं लाकूडच.

मीटरपासनं सरळ नवीन मेन घ्या. मीटरनंतर एक डबल पोल एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की आपोआप पडणारा, फेज न्यूट्रल दोन्ही तोडणारा खटका, तिथनं ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या दोन वायरी आणि अर्थ पण ६ चीच, मागं नवीन खोलीत आठ वे चा छोटा डीबी, म्हणजे आठ खटके बसतील अशी पेटी. जुनं घर जुन्या लाईनवर राहू दे, पैसे जमतील तसं त्याचं पण बदला. पण नवीन घराचा एक थेंब पण जुन्या वायरीतनं जाता कामा नये.

आणि सेंट्रिंग बसायच्या आधी वायरमन जागेवर पाहिजे. स्लॅब ओतल्यावर बोलवून उपयोग नाही.

उद्यमबाग_मेंटेनन्स
वायरमन दादांनी ६ स्क्वेअर एमएम सांगितलं ते का, याचा हिशोब मांडतो, कारण घरातले लोक विचारतात एवढी जाड कशाला.

गिझर २०००, इंडक्शन २०००, मिक्सर ७५०, मशीन ५००, फ्रीज २००, लाईट पंखे ४०० धरा, बेरीज ५८५० वॅट. २३० व्होल्टनं भागलं तर २५ अँपिअर. सगळं एकदम चालत नाही हे खरं, पण लग्नघर आहे, सणाच्या दिवशी सकाळी गिझर, मशीन, इंडक्शन एकदम लागतातच. आता वायर जायला ३० मीटर आणि यायला ३० मीटर, म्हणजे ६० मीटर तांबं. २.५ ची लवचिक वायर घेतली तर तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ८ ओहम, म्हणजे ६० मीटरला अर्धा ओहम धरा. २५ अँपिअरला १२ व्होल्ट वाटेतच गेले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १२ गुणिले २५, ३०० वॅट उष्णता भिंतीतल्या पाईपात. ६ ची वायर घेतली तर किलोमीटरला ३.३ ओहम, ड्रॉप ५ व्होल्टच्या आत. तुमची जुनी अ‍ॅल्युमिनियम १.५ ची असेल तर तोच ड्रॉप २७ व्होल्टवर जातो, आणि त्याच्या आधीच तिचं इन्सुलेशन वितळलेलं असेल, कारण ती वायर २५ अँपिअरसाठी नाहीच.

एमसीबी वायरीला वाचवायला असतो, मशीनला नाही, हे ध्यानात ठेवा. वारंवार पडतोय म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवला तर एमसीबी शांत बसतो आणि वायर जळते. १.५ च्या वायरीवर १० अँपिअर, २.५ वर १६, ४ वर २०, आणि तुमच्या ६ च्या मेनवर ३२. एसी नक्की येणार असेल तर मेन आत्ताच १० ची टाका.

निपाणीची_लेक
माझा अनुभव सांगते. आम्ही निपाणीत माहेरी वरचा मजला वाढवला. काम करणाऱ्यानं आरसीसीबी बसवला पण दुसऱ्या दिवसापासनं तो पडायला लागला, पंखा लावला की पडायचा, फ्रीज लावला की नाही. तो म्हणाला आरसीसीबीच खराब आहे, काढून थेट जोडतो. वडिलांनी हो म्हटलं असतं पण मी नको म्हणाले. मग दुसऱ्या एका मुलाला बोलावलं, त्यानं अर्ध्या दिवसात शोधलं. वरच्या पंख्याचा फेज नवीन डीबीतनं घेतलेला आणि न्यूट्रल खालच्या जुन्या बोर्डातनं, कारण तिथं जवळ सापडला. आरसीसीबी बिचारा त्याचं कामच करत होता!

म्हणून जांभ्याचं घर, तुम्ही एवढं नक्की बघा की नवीन खोल्यांचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढं जुन्या घराच्या न्यूट्रलला कुठंच भेटणार नाही. इन्व्हर्टर असला तर त्याचा पण न्यूट्रल वेगळा विचारा, तिथंच सगळे गोंधळ होतात.

जांभ्याचं_घर
ताई, आरसीसीबी म्हणजे नक्की काय हो? एमसीबी आहे म्हटल्यावर शॉक बसल्यावर तो पडणार नाही का?

उद्यमबाग_मेंटेनन्स
नाही पडणार, आणि हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या आईच्या बाबतीत हेच झालं.

आपल्याकडं अर्थ म्हणजे घराजवळच्या जमिनीत पुरलेला पाईप किंवा प्लेट. समजा गिझरचं कॉईल फुटलं आणि फेज बॉडीला लागला. करंट अर्थ वायरीतनं जमिनीत जाणार. जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात कोरडी ठक्क, तुमच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स ५० ओहम धरा. २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला हे एका छोट्या मशीनसारखं वाटतं, तो तसाच चालू राहतो. आणि तोपर्यंत गिझरची बॉडी, पाणी, नळ सगळ्यांवर जीवघेणं व्होल्टेज उभं. अर्थ खिळ्याला बांधलेला असेल तर विचारूच नका.

आरसीसीबी फेजमधनं गेलेला आणि न्यूट्रलमधनं परत आलेला करंट सतत ताडून बघत असतो. दोघात फरक पडला म्हणजे कुठंतरी करंट जमिनीत किंवा माणसातनं चाललाय. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्या फरकाला ३०० मिलीसेकंदाच्या आत तोडतो, पाचपट फरक असेल तर ४० मिलीसेकंदात. माणसाच्या हाताची मूठ साधारण १० मिलीअँपिअरला आवळली जाते, सुटत नाही, तेच आईंना झालं असणार. त्याच्या पुढं हृदयाचा धोका. म्हणून घरगुती कामाला ३० च घ्यायचा, १०० किंवा ३०० चा आगीसाठी असतो, माणसासाठी नाही.

अर्थ ५० ओहमचा असला तरी ३० मिलीअँपिअरला बॉडीवर दीडच व्होल्ट चढतं आणि आरसीसीबी पडतो. खराब जमिनीत हाच आधार. फक्त एक लक्षात ठेवा, एक हात फेजला आणि एक हात न्यूट्रलला लागला तर त्याला फरक दिसत नाही, तिथं तो वाचवत नाही. आणि ओव्हरलोडला पण तो पडत नाही, त्यासाठी एमसीबी लागतोच.

कंग्राळीकर
आमच्याकडं पावसाळ्यात आरसीसीबी रोज पडायचा, जून ते ऑगस्ट वैताग. शेवटी बायपास केला, दोन वर्षं झाली, काही झालं नाही. एवढं घाबरायचं कारण नाही.

शहापूरचा_वायरमन
कंग्राळीकर अण्णा, राग मानू नका पण उद्याच्या उद्या तो बायपास काढा. पावसाळ्यातच पडतो म्हणजे तुमच्या भिंतीत किंवा बाहेरच्या लाईटमध्ये पाणी जातंय आणि करंट गळतोय. ती गळती अजून तिथंच हाय, फक्त सांगणारा गेला. माझ्या माहितीतलं एक घर हाय, असाच बायपास, गच्चीवरच्या बल्बच्या होल्डरात पाणी, आणि कपडे वाळत घालायची तार त्याच खांबाला. सात वर्षाची पोर. मी त्या घरी दुसऱ्या दिवशी गेलो होतो. त्यानंतर मी एक पण काम आरसीसीबीशिवाय हातात घेत नाही, गिऱ्हाईक नको म्हणालं तर दुसरा बघा म्हणतो.

शोधायचं सोपं हाय. सगळे एमसीबी खाली पाडा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्याला पडतो त्या लाईनीत गळती. एमसीबी पाडून पण पडत असेल तर न्यूट्रल आणि अर्थ कुठंतरी चिकटलाय, तेव्हा न्यूट्रल एकेक करून सोडून बघावा लागतो. मेगर असलेल्या माणसाला बोलवा, लाईन बंद करून ५०० व्होल्टनं इन्सुलेशन तपासतो, अर्ध्या तासात कळतं. पत्ता सांगा, मी स्वतः येऊन बघतो, कंग्राळी काय लांब नाही.

कंग्राळीकर
तुमचं वाचून घरात दाखवलं. रविवारी या दादा. गच्चीवर आमच्या पण असाच एक बल्ब आहे.

जुना_पॉवरमन
मी कर्नाटकच्या वीज मंडळात, केईबीच्या काळात कामाला लागलो, १९९९ ला केपीटीसीएल झालं, २००२ ला आपल्या भागाची वीज कंपनी हेस्कॉम, आणि मी रिटायर झालो. आत्ता वायरिंग बोलूलालेत पण कुणी सँक्शन लोडचं, म्हणजे मंजूर लोडचं विचारलं नाही. बिल हातात घ्या. त्यात आरआर नंबर, म्हणजे तुमच्या कनेक्शनचा नंबर असतो आणि मंजूर लोड किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो. जुन्या घरांना बहुतेक एक दोन किलोवॅटच हाय. मागं सहा किलोवॅटचं सामान जोडून वरनं जुनीच सर्व्हिस वायर ठेवली तर खांबावरनं मीटरपर्यंतची वायर तापणार, आणि ती तुमच्या एमसीबीच्या आधी असते, तिला तुमचा कुठला पण एमसीबी वाचवत नाही. सेक्शन ऑफिसला लोड वाढवायचा अर्ज द्या. फिक्स चार्ज मंजूर लोडवर असतो, तो वाढेल, पण ते रीतसर.

दुसरं, काम लायसनवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरच्या सहीनं करा. कर्नाटक सरकारच्या विद्युत निरीक्षणालयाचं लायसन त्याच्याकडं पाहिजे. वायरिंग पूर्ण झाल्याचा रिपोर्ट तोच देतो, त्यात इन्सुलेशन आणि अर्थचं माप लिहितो. माप न घेता नुसता आकडा लिहून देणारे पण असतात, म्हणून तुमच्यासमोर मापायला लावा. अर्ज कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला शेजारी घेऊन बसा, मंजूर लोड आणि नावाचा कॉलम नीट बघूनच सही करा. नाव चुकलं तर पुढं वारसाच्या वेळी त्रास.

जांभ्याचं_घर
मामा, मीटर आजोबांच्या नावावरच आहे अजून, बरं झालं सांगितलं. भावासाठी वेगळं मीटर घेतलं तर बरं पडेल का? सरकारच्या मोफत विजेच्या योजनेचं, गृहज्योतीचं काय होतं मग?

जुना_पॉवरमन
गृहज्योतीत एका ग्राहकाला एकाच मीटरचा फायदा, म्हणून तेवढ्यासाठी दुसरं मीटर घेऊ नका. भाऊ खरंच वेगळी चूल मांडणार असेल तर गोष्ट वेगळी. आणि नवीन कनेक्शनला आता कागद जास्त लागतात. १७ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं बांधकाम पूर्ण झाल्याचा किंवा राहायला येण्याचा दाखला बघूनच वीज पाणी द्या असं सांगितलंय. तुमच्या पंचायतीत वाढीव बांधकामाची नोंद करून घ्या, मग सेक्शन ऑफिसला विचारा. आधी नाव बदला, मग लोड वाढवा, माझा सल्ला.

अथणीचा_शेतकरी
अर्थिंगवर आमच्या बाजूचं सांगतो. अथणीला काळी माती, ओल धरून ठेवते म्हणून अर्थ चांगला मिळतो, पण उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा पाईपाच्या भोवती माती सुटते आणि अर्थ जातो. आम्ही म्हणून खड्ड्याला वरनं फनेल बसवून मार्च ते मे दर आठवड्याला एक दोन बादल्या पाणी घालतो. तुमच्या जांभ्यात तर पाणी थांबतच नाही, खाली पाझरून जातं. तुम्ही खड्डा मोठा घेऊन आत काळी माती किंवा बेंटोनाईट, म्हणजे ओल धरणारी माती भरा, कोळसा मीठ पण चालतं पण मिठानं जीआय पाईप लवकर खातो.

शहापूरचा_वायरमन
बरोबर बोलले शेतकरी दादा. खानापूर भागात मी ४० एमएम जीआय पाईप, अडीच मीटर, उभा पुरतो, अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस ३०४३ मध्ये पण तेवढाच सांगितलाय. चिरा लागला आणि अडीच मीटर गेला नाही म्हणून दीड मीटरवर कापून टाकणारे आहेत, त्यांना तसं करू देऊ नका, जागा बदला. न्हाणीचं सांडपाणी जिथं जातं त्याच्या जवळ, पण पायापासनं दीडेक मीटर लांब, अशी जागा उन्हाळ्यात पण ओली राहते. एका पाईपानं अर्थ येत नसेल तर तीनेक मीटर सोडून दुसरा पुरा आणि दोन्ही जोडा. जुन्या घराची अर्थिंग असेल तर ती पण नवीन अर्थला जोडलेलीच पाहिजे, घरात दोन वेगळ्या अर्थ ठेवायच्या नाहीत. वरचं जोडणीचं तोंड सिमेंटनं कायमचं बुजवू नका, झाकण ठेवा, पुढं मापायचं असतं.

आता स्लॅबचं. पंख्याचे बॉक्स हुकासकट, लाईटचे बॉक्स, सगळं सळई बांधून झाल्यावर आणि काँक्रीटच्या आधी. पाईप मीडियम किंवा हेवी, २५ एमएम, हलका, लाईट दर्जाचा पाईप काँक्रीट ओतताना माणसाच्या पायाखाली चेपतो आणि मग वायर ओढताना कळतं. वळणाला एल्बो नको, बेंड. जोडाला सोल्युशन लावा, नाहीतर सिमेंटचं पाणी आत जाऊन बसतं. तोंडं कागद कोंबून टेप मारून बंद. ओतायच्या दिवशी तुमच्यापैकी एक माणूस वर उभा राहू दे, व्हायब्रेटरनं पाईप सुटला तर तिथंच ओरडायला.

जुन्या घरातनं मेन कशी न्यायची तेही सांगतो. जांभ्याच्या मातीच्या भिंतीत कटरनं झिरी मारू नका. चिरा ठिसूळ, मातीचा जोड सुटतो, आणि तुमच्याकडं पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर चार महिने मारतो, जांभा ते पाणी पितो, पाईप ओल्या भिंतीत राहणार. तुळईच्या खालनं किंवा आतल्या भिंतीवरनं उघडा पाईप क्लिपा मारून न्या. दिसायला थोडं दिसतं, पण काही झालं तर हाताला सापडतं. नवीन विटांच्या भिंतीत झिरी चालते, पण उभी आणि आडवीच, तिरकी कधी नाही. उद्या सून फोटो लावायला खिळा मारणार, तिला वायर कुठनं जाते ते बोर्ड बघून कळलं पाहिजे.

निपाणीची_लेक
बोर्ड कुठं लावायचे ते बाईमाणसाला विचारून ठरवा हो, हात जोडून सांगते. आमच्याकडं ओट्यावर गॅसच्या बरोबर मागं प्लग दिलाय, फोडणी टाकली की तेल उडतं. सिंकपासनं हातभर तरी लांब पाहिजे. इंडक्शन, मिक्सर, फ्रीज यांना वेगवेगळे प्लग पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या महिन्यात एक्स्टेन्शन बोर्ड येतो आणि सगळी काळजी वाया. आईंना आणि होणाऱ्या सुनेला त्या उघड्या कॉलममध्ये उभं करून खडूनं खुणा करायला लावा. फोन चार्जिंगला पलंगाच्या दोन्ही बाजूला.

जांभ्याचं_घर
ताई हे डोक्यात आलंच नव्हतं, आज संध्याकाळीच करतो. बाथरूमचं पण सांगा कुणीतरी, भीती तिथलीच आहे.

उद्यमबाग_मेंटेनन्स
बाथरूमात गिझरला स्वतंत्र ४ स्क्वेअरची लाईन, मध्ये कुठंही जोड नाही, डीबीत त्याचा स्वतःचा एमसीबी. स्विच बाहेर, डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. गिझर भिंतीवर वर, आंघोळ करणाऱ्याच्या ओल्या हाताला प्लग लागणार नाही अशा जागी. वॉशिंग मशीनचा प्लग न्हाणीत नकोच, बाहेरच्या पॅसेजला. आरसा लाईटचा स्विच पण बाहेर. जीआयचा पाईप आणि नळ असतील तर तो पाईप अर्थला बांधायचा, पण पाईपालाच अर्थ समजायचं नाही, हे दोन वेगळं. हल्ली मध्ये प्लास्टिकचा पाईप येतो आणि नळाचा जमिनीशी संबंधच राहत नाही.

लाईट पंख्याच्या एका सर्किटवर दहाच्या वर पॉईंट नको आणि ८०० वॅटच्या वर नको, राष्ट्रीय विद्युत संहितेत असंच धरतात. १६ अँपिअरचे पॉवर प्लग एका सर्किटवर फार तर दोन. आठ वे च्या डीबीत दोन जागा रिकाम्या ठेवा. आणि वायरिंगची पद्धत आयएस ७३२ प्रमाणे असं कॉन्ट्रॅक्टरच्या कागदावर लिहून घ्या, लिहिलेलं असलं की काम करणारा पण सावध राहतो.

जुना_पॉवरमन
वायर घेताना खडेबाजारात असो नाहीतर गणपत गल्लीत, बंडलवर आयएसआय खूण आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा नंबर बघा. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो नंबर टाकला की कुठल्या कंपनीचा ते दिसतं, दुकानात उभं राहूनच टाका. आयएस ६९४ छापलेलं पाहिजे. बंडल ९० मीटरचं असतं, स्वस्तातलं कमी भरतं आणि तांबं पण बारीक. आणि रंग पाळायला लावा, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. बंडल संपलं म्हणून हिरव्यातनं फेज सोडणारे मी बघितलेत, पुढच्या दुरुस्तीवाल्याचा जीव जातो त्यात.

जांभ्याचं_घर
मंडळी, सहा आठवड्यांनी परत येतोय, कामात अडकलो होतो, माफ करा.

मिक्सरच्या प्लगवाल्याला नको म्हणून सांगितलं. लायसनवाला कॉन्ट्रॅक्टर बेळगावातला मिळाला. स्लॅबच्या आधी पाईप पडले, ओतायच्या दिवशी मी आणि भाऊ दोघं वर होतो आणि एक पंख्याचा बॉक्स खरंच सरकला होता, वेळेत धरला. एसी येणार म्हणून मेन १० ची टाकली, तुळईखालनं उघड्या पाईपातनं. डीबीत ४० अँपिअरचा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, आणि मीटरजवळ ३२ चा डबल पोल. किटकॅट काढून जुन्या घराला पण वेगळा आरसीसीबी बसवला, तो बसवल्या बसवल्या पडला, तेव्हा जुन्या न्हाणीच्या बल्बच्या लाईनीत गळती सापडली. म्हणजे ती इतकी वर्षं होतीच. ती लाईन कापूनच टाकली.

अर्थचा पाईप पहिल्या जागी दोन फुटावर चिऱ्याला लागला, सांडपाण्याच्या बाजूला दुसरी जागा घेतली, तिथं पूर्ण गेला. माझ्यासमोर मापला, पहिल्यांदा १८ ओहम आला, दुसरा पाईप जोडल्यावर १० च्या खाली आला. मे महिन्यात परत मापायला त्याला आत्ताच सांगून ठेवलंय. नाव बदलायचा आणि लोडचा अर्ज दिलाय, लोड ५ किलोवॅट मागितला.

प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, मोजपट्टी शेजारी धरून. खडूच्या खुणा आईनं केल्या, ओट्यावर तिनं तीन ऐवजी चार प्लग सांगितले.

एकच विचारायचं राहिलं, आरसीसीबीवरचं टेस्टचं बटन किती दिवसांनी दाबायचं?

शहापूरचा_वायरमन
महिन्यातनं एकदा. दाबल्यावर लगेच पडला पाहिजे, नाही पडला तर त्याच दिवशी बदला. अमावस्या धरा म्हणजे विसरत नाही. आणि पहिल्यांदा आईंना दाबू दे.

जांभ्याचं_घर
दाबलं तिनं काल. घरात अंधार झाला तेव्हा दचकली, मग खाली पडलेला खटका स्वतःच वर केला आणि विचारलं, नळाला करंट आला तर हे असंच आपोआप पडणार का? हो म्हटलं. मग न्हाणीत जाऊन नळ सोडला, सरळ हातानं.

निपाणीची_लेक
वाचून डोळे भरले. लग्नाची तारीख कळवा दादा.

कंग्राळीकर
दादा रविवारी येऊन गेले, गच्चीवरच्या होल्डरातच गळती होती, तो काढून बंदिस्त फिटिंग लावलं. आरसीसीबी परत लाईनीत आहे. परवा रात्रभर पाऊस होता, एकदा पण पडला नाही.